पाठीने पाहिलेली वाट

माझं नाव विचारलं गेलं आणि मी ते सांगितलं नाही, एवढंच घडलं. बाकीचं सगळं लोकांनी घडवलं.

विचारणारी नर्स होती, हे मला मागाहून कळलं. त्या सकाळी ती फक्त दोन काठ्या टेकत वर येणारी, गुलाबी टोपीतली कुणीतरी बाई होती, आणि तिच्यामागे धापा टाकत येणारा तिचा नवरा. मी वाटेपासून जरा खाली, उतारावर, एका झाडाच्या बुंध्याला कान लावून उभी होते. डोळे मिटलेले. त्या झाडाला मी मनातल्या मनात उशिराचं झाड म्हणते. डोंगराची सोंड जिथे उत्तरेला वळते आणि वाट एकदम गार होते, तिथे ते एकटंच आहे. खालची सगळी झाडं पिवळी होऊन गळायला लागली तरी हे आपलं हिरवंच. लग्नघरातून पाहुणे गेले तरी न हलणाऱ्या आत्यासारखं. मग कधीतरी, सगळ्यांनी आशा सोडली की, ते पिवळं व्हायला लागतं, आणि तेही टोकापासून नाही, आतून, खोडाजवळच्या पानांपासून. बाहेरून बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. पानांत ओल असते तोवर वारा खोडातून दबकत उतरतो. पानं सुकू लागली की खोडाला कान लावल्यावर बारीक किरकिर ऐकू येते, शेजारच्या खोलीत कुणी कागद घड्या घालून ठेवत असल्यासारखी. ती किरकिर त्या दिवशी पहिल्यांदा आली होती. मी ती ऐकत होते आणि मनात म्हणत होते, झालं तर, निघालात का तुम्हीही.

"आजी, बऱ्या आहात ना?"

आजी! मी डोळे उघडले. मला नातवंड नाही, आणि दुकानात मला सगळे ताई म्हणतात. पण राग दाखवायलाही तोंड उघडावं लागतं, आणि डोंगरावर माझं मौन असतं. पायथ्याच्या सपाट दगडावर पाय ठेवला की सुरू, उतरून पुन्हा त्याच दगडावर पाय ठेवला की संपलं. रोजचा नेम. मी हसले, हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं. नेहमीच्या चालणाऱ्यांना एवढं पुरतं. ते मान लववून पुढे जातात, किंवा चुकून बोलून गेले की जीभ चावतात. या दोघांना मी नवी होते आणि ते मला.

"नाव काय तुमचं? कुठे राहता?" ती जवळ आली आणि माझ्या डोळ्यांत एकदा या, एकदा त्या असं बघायला लागली. नवऱ्याला म्हणाली, "बोलता येत नाहीये त्यांना."

"लाजत असतील गं."

"डोंगरावर कोण लाजतंय? आजी, जरा दोन्ही हात वर करा बघू. असे. सरळ."

मी केले. भांडणापेक्षा हात वर करणं सोपं असतं, आयुष्यभर मी तेच करत आले. आता यात माझा घात असा झाला की माझा डावा हात पुरता वर जातच नाही. मी एका धुलाईच्या दुकानात रफूचं काम करते. डाव्या हातात कापड उजेडाकडे धरून धरून तो खांदा कधीचा धरलाय. नर्सने तो अर्ध्यात अडकलेला हात पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. तिच्या जागी मी असते तर माझाही बदलला असता, हे मी प्रामाणिकपणे म्हणते. ती वाईट बाई नव्हती. तिने माझं मनगट धरलं ते इतक्या मायेने आणि इतकं घट्ट की सोडवायचं तर झटापट करावी लागली असती. मी मान हलवून नाही-नाही म्हटलं, खाली वाटेकडे बोट दाखवलं, झाडाकडे दाखवलं, पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. जितक्या खुणा केल्या तितकी मी आजारी होत गेले. "गोंधळल्यात बिचाऱ्या," ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. "हो हो, एक बाजू कमजोर. बोलणं बंद. लवकर या."

पायथ्याच्या वनचौकीवरचे दोघं नवखे गडी स्ट्रेचर घेऊन आले आणि मला आडवं करून पट्टे आवळले. इतकी वर्षं मी ही वाट पायांनी पाहिली होती; पाठीने पहिल्यांदाच पाहिली. चढताना-उतरताना मान खाली असते, पुढचा दगड, मुळी, ओल, निसरडं शेवाळ. वाटेचे ऋतू मला जमिनीवरून माहीत. उन्हाळ्यात माती पिठासारखी होते आणि पावलाखाली आवाज गिळते. मग ओल धरली की दगडांवरची दगडफुलं, जी एरवी राखेच्या डागांसारखी असतात, ती एका रात्रीत फुगून हिरवट होतात. नेचे आधी आकडे वळवून येतात, मग उलगडतात, मग त्यांच्या पोटाखाली तपकिरी ठिपके येतात, मग ते कडेपासून जळत जातात. गवताला तुरे येतात, मग कुसळं, आणि ती माझ्या कपड्यांच्या काठात अडकून दुकानापर्यंत येतात. उतरणीच्या दिवसांत गवतावर कोळ्यांची जाळी पसरते, दंवाने भरलेली, कुणी धुऊन वाळत टाकलेल्या हातरुमालांसारखी. झऱ्याचा आवाज भरघोस असतो, मग घोगरा होतो, मग नुसता ठिबकतो. हे सगळं खालचं. वरचं मला माहीतच नव्हतं. स्ट्रेचरवरून मी पाहिलं की वर फांद्यांमध्ये वाटेसारखीच एक चिंचोळी फट आहे, वाटेबरोबर वळणारी, आणि तिच्यातून आभाळ वाहतंय. खालच्या टप्प्यातली झाडं शेंड्याला आधीच उघडी पडली होती; जमिनीवर अजून पुरेशी पानं पडलेली नसल्याने मी त्यांना अजून बरीच भरलेली समजत होते. म्हणजे इतक्या वर्षांत मला पानगळ दरवेळी उशिरा कळत होती! पट्ट्यांत बांधलेली असूनही मला इतका आनंद झाला की हसू आलं. "हसतायत बघ," पुढचा माणूस मागच्याला म्हणाला. मागचा म्हणाला, "होतं असं डोक्यावर परिणाम झाला की. माझा सासरा शेवटी शेवटी असाच हसायचा."

आणि मग तो दगड आला. म्हणजे आला असणार. मला तो दिसला नाही, मी त्याच्यावरून गेले. माझे पाय हवेत, पट्ट्यांत जुळवलेले. आता सांगा, मौन सुटलं की नाही? दगड ओलांडला, पण पाय टेकले नाहीत. हसण्यासारखं आहे, मला कळतं. पण नेम म्हणजे काय असतं? तो आपल्या सोयीने वाकवता आला तर ती सवय झाली, आणि सवयी मला पुष्कळ आहेत. मी अँब्युलन्समध्ये पडल्या पडल्या देवालाच विचारलं. तो अशा वेळी गप्प असतो, त्याचंही मौनच चालू असतं बहुधा. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवलं की जमिनीला माझे स्वतःचे पाय लागतील तेव्हा बोलायचं. मग हॉस्पिटलात त्यांनी मला या गादीवरून त्या गादीवर सरकवलं, कुठल्याशा यंत्रात घातलं, बाहेर काढलं, दंडाला पट्टा आवळला, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि जमिनीला पाय काही लागू देईनात. लेकानेच माझ्या पिशवीत ठेवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर लावून त्यांनी त्याला बोलावलं; तो येऊन पोचला तेव्हा त्याचा शर्ट अर्धा आत, अर्धा बाहेर होता. "आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. लहानपणी पडल्यावर चिरकायचा तसा. तेव्हा, फक्त तेव्हा, माझ्या जिभेवर शब्द आला होता. मी तो गिळला. पलंगाच्या कडेवरून पाय खाली सोडायला धडपडले, तर तो आणि परिचारिका दोघांनी मला दाबून धरलं. शेवटी त्यांना वाटलं बाथरूमला जायचं असेल. पाय टेकले, फरशी थंडगार लागली, आणि मी म्हणाले, "मला काही झालेलं नाही. माझं मौन होतं."

असं म्हणतात की टाचणी पडली तर ऐकू यावी. तिथे खरंच कुणाची तरी टाचणी का पेन खाली पडलं, आणि ते ऐकू आलं.

"एक शब्द, आई," लेक घरी आल्यावर म्हणाला. तो चिडला की हळू बोलतो; ते माझ्याकडून आलंय. "फक्त एक. 'मौन' एवढं म्हणाली असतीस तरी भागलं असतं."

"तो शब्द बोलल्यावर मौन राहतं का रे?"

सून भांडी विसळत होती. तिच्या पाठीवरून कळलं की ती हसतेय. "हे बाकी खरं आहे," ती म्हणाली.

"तू तिला फूस देऊ नकोस." तो माझ्याकडे वळला. "मी गाडी कशी चालवत आलो तुला माहितीये? मला वाटलं, आपण पोचेपर्यंत…" तो विम्याच्या कचेरीत आहे. काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळतो, आणि घरी येऊन तो हेच काम फुकट करतो. बाप गेल्यापासून जास्तच. "आता एकटीने डोंगरावर जायचं नाही. हिला सुट्टी असेल तेव्हा ही येईल. नाहीतर गच्चीवर चाल. नाहीतर मी चालायचं मशीन आणतो, खिडकीपाशी ठेवू. देव काय फक्त डोंगरावरच आहे का?"

"देव घरातही आहे," मी म्हणाले. "त्याला मी घरी रोज भेटते."

"मग डोंगरावर कोण आहे?"

याचं उत्तर होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. मी नवस म्हणून हा नेम धरलेला नाही. लोकांना वाटतं व्रत धरलंय म्हणजे काहीतरी मागितलंय. दुकानातला इस्त्रीवाला मला नेहमी म्हणतो, ताई, लॉटरी लागली की अर्धी माझी. मागण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. माझ्या तोंडात 'हो' फार मुरला होता, एवढंच. माहेरी हो, सासरी हो, नवरा चांगला होता पण त्याचे प्रश्नच असे असायचे की 'हो' हेच उत्तर आधीपासून आत घालून ठेवलेलं असायचं: जाऊया ना? चालेल ना? तुला काय, तुला आवडतंच ना? मला खरंच आवडायचं की नाही हे बघायला मध्ये जागाच उरत नव्हती. तो गेल्यावर लोक आले आणि धीर द्यायला लागले, आणि मी त्यांनाही हो म्हणत राहिले: हो, सुटले बिचारे, हो, काळच औषध, हो, मुलाकडे बघून राहायचं. एके सकाळी मी उठून चालायला लागले ती वाट संपेपर्यंत गेले, आणि मग डोंगर सुरू झाला. वर मला कुणी काही विचारलं नाही. नेच्यांचे आकडे उलगडत होते. त्यांच्यावर बारीक लव होती, तान्ह्या बाळाच्या कानामागे असते तशी. मी कितीतरी वेळ बघत बसले, आणि खाली उतरताना जाणवलं की तोंडात 'हो' नाहीये. नुसतं तोंड होतं, स्वच्छ, पाणी पिऊन रिकामं झालेल्या भांड्यासारखं. दुसऱ्या दिवशी दगडावर पाय ठेवताना मी नेम धरला. डोंगरावर मी आहे, असं लेकाला कसं सांगू? आई असं बोलत नसते. मी म्हणाले, "बरं."

माझ्या 'बरं'वर सगळं घर उभं आहे. लेकाने मला जवळ घेतलं. मला स्वतःचा इतका राग आला की त्या संध्याकाळी जप करताना मणी पुढे सरकेना.

डॉक्टरांकडे नेलं ते त्यानंतर. हे म्हातारपणाच्या मेंदूचे डॉक्टर. खोली अशी की तिला हवामानच नव्हतं: पडदे ओढलेले, वरून सारखी गार हवा, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, त्याच्या पानांवर धूळ. डॉक्टर सज्जन. घाई न करता विचारत होते. आज वार कोणता, आपण कोणत्या मजल्यावर आहोत, हे काय आहे, घड्याळ. हे काय, पेन्सिल. मी सांगत गेले. मग ते म्हणाले, "आणि सध्या ऋतू कोणता चालू आहे?"

मी विचारात पडले. खरंच विचारात पडले, कारण तो पहिला प्रश्न होता जो मला कुणी विचारावा असं मला वाटलं होतं. ऋतू कोणता? दुकानात तर थंडी येऊन बसली आहे. लोक पेटीतले कोट काढतायत, कसरीने खाल्लेले स्वेटर माझ्या टेबलावर ढीग करून पडलेत. पायथ्याच्या गवतात अजून उन्हाचा वास आहे, तिथे टोळ उडतात. झऱ्यापाशी पानगळ अर्धी झाली आहे, आणि वर शेंड्यांना, हे मला आता माहीत होतं, ती केव्हाच संपली. उत्तरेच्या वळणावर सकाळी श्वास दिसतो. आणि उशिराच्या झाडाच्या पोटात नुकतीच सुरुवात. एकाच वाटेवर, एकाच सकाळी, हे सगळं. मी विचारलं, "कुठला? वरचा की खालचा?"

लेकाने डोळे मिटून घेतले. "आई," तो कुजबुजला, "सरळ उत्तर दे ना."

"त्यांना बोलू द्या," डॉक्टर म्हणाले आणि काहीतरी टिपून घेतलं. पुढे त्यांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी काढलं, चांगलं काढलं, माझा हात बारीक कामाचा आहे. पण त्यांची नजर त्या अडखळण्यापाशीच राहिली होती. शेवटी लेकाला म्हणाले, "काळजीचं कारण नाही. वयाच्या मानाने उत्तम. पण एकट्या लांब जाऊ नयेत, एवढं बघा." मी सगळ्यांच्या मध्ये बसलेली असताना माझ्याबद्दल तृतीयपुरुषी बोलणं झालं, आणि मी मान डोलावली. शिवणाच्या मशीनची सुई वर-खाली व्हावी तशी माझी मान आपोआप डोलते.

मग काही दिवस मी गेले नाही. किती दिवस, ते मोजलं नाही. ठेच लागलेल्या बोटाकडे कोण सारखं बघतं. सकाळी गच्चीवर चकरा मारायची. गच्चीवर ऋतू म्हणजे टाकीच्या सावलीची लांबी. दुकानात इस्त्रीवाल्याने पहिल्याच दिवशी वाफेच्या फुसकाऱ्यावरून ओरडून विचारलं, "काय हो ताई, झोपाळ्यावरून वरात निघाली म्हणे तुमची!"

"स्ट्रेचर होतं," मी म्हणाले.

"तेच ते. आम्हाला लग्नातसुद्धा चालत जावं लागलं. आणि खरंच काही बोलला नाहीत? अंगावर साप पडला तरी नाही बोलणार?"

"साप काही विचारत नाही ना."

तो इतका हसला की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. मालकीणबाई मात्र काळजीने म्हणाल्या की मुलगा म्हणतो ते बरोबर आहे, आजकाल दिवस वाईट. मी हो म्हणाले. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून, समोरच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीत, डोंगराची एक पट्टी दिसते, हातभर कापडाच्या नमुन्याएवढी. रफू करणाऱ्याला रंग लगेच कळतो. जुळणारा धागा शोधण्यातच तर निम्मं आयुष्य जातं. त्या पट्टीतला हिरवा रोज थोडा विटत होता. आधी कडेला, मग मध्ये. मला इथून नुसता रंग मिळत होता. आवाज नाही, वास नाही, पावलाखालचं काही नाही. सगळे म्हणत होते, डोंगर कुठे पळून जातोय? डोंगर नाही पळत. पण डोंगरावर जे असतं ते रोज निघून जात असतं, आणि मी नसताना गेलेलं मला कुणी आणून देणार नव्हतं.

एक दिवस एक जाकीट आलं. डोंगरात घालतात तसलं, जाड, खांद्यावर काट्याला लागून फाटलेलं. गिऱ्हाईक म्हणालं, जमेल तसं करा, दिसलं तरी चालेल. मी ते उजेडाकडे धरलं तेव्हा टोपीच्या घडीतून एक पान टेबलावर पडलं. पिवळं. देठापासून टोकापर्यंत पूर्ण पिवळं, एका कडेला दातेरी, दुसरीला जवळजवळ सरळ. त्या वाटेवर असं पान एकाच झाडाचं आहे. मी ते तळहातावर घेतलं. वजन नव्हतंच. ते झालं होतं. माझ्याशिवाय झालं होतं. निदान होत होतं. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षापासून त्या झाडाची पानगळ मी कधी चुकवली नव्हती. शेवटची माणसं उठेपर्यंत मी बसून राहते, कुठेही, हा माझा स्वभाव आहे. इथे मात्र मला उठवून नेलं होतं, आणि मी 'बरं' म्हणून गेले होते. मी माझ्याच तोंडाने झाडाला पाठ दाखवली होती. इस्त्रीवाल्याने विचारलं, "ताई, सुई टोचली का?" मी त्याला काहीच उत्तर दिलं नाही. दुकानात असं मी प्रथमच केलं. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं आणि मग कॉलरवर इस्त्री फिरवत राहिला.

त्या संध्याकाळी मी देवासमोर बसले आणि नेम बदलला. नेम कमी करायला त्याची परवानगी लागते, वाढवायला नाही. उद्यापासून दगडाची हद्द रद्द. डोळे उघडले की मौन सुरू, आणि डोंगर करून घराच्या उंबऱ्यात परत पाय पडला की संपलं. मी कुणाला सांगितलं नाही. विचारलंही नाही.

सकाळी मी दाराची कडी काढायला गेले तर बुटांच्या जागी बूट नव्हते. डोंगराचे माझे बूट, घोट्यापर्यंतचे, झिजून माझ्या पायांचेच झालेले. फडताळात नाहीत, पलंगाखाली नाहीत. मी वाकून बघत होते तेवढ्यात मागून लेक आला, झोपेतला, अनवाणी. "आई? कुठे निघालीस?"

मी सरळ उभी राहिले आणि त्याच्याकडे बघितलं.

"आई, बोल ना." त्याने माझे दंड धरले. "बरं वाटत नाहीये का? आई!" आणि मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याच्या तोंडावरची भीती जाऊन तिथे तो राग आला जो त्याच्या बापाच्या तोंडावर मी कधी येऊ दिला नव्हता. "अजून डोंगर सुरूसुद्धा झालेला नाही! घरातच?" मी मान डोलावली. हो, घरातच. "आणि बूट नाहीयेत तुझे इथे," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी नजर चोरली; लपवले त्यानेच होते. लहानपणी मीच त्याचा चेंडू कपाटावर ठेवायचे, अभ्यास होईपर्यंत. तेव्हा तो जसा खुर्ची ओढून कपाटाकडे बघत राहायचा, तशी मी आता त्याच्याकडे बघत राहिले नाही. न्हाणीघरातल्या रबरी चपला उचलल्या, पायांत सरकवल्या, आणि त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडले. जिन्यावर त्याचा आवाज मागे येत होता. "पडशील! त्या चपलांनी पडशील तू!" खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. मी हलक्या आवाजाची बाई आहे. आमच्या घरातून जिन्यापर्यंत आवाज कधी गेला नव्हता. जाऊ दे, म्हटलं.

पातळ चपलांतून वाट वेगळीच लागते. बुटांनी इतकी वर्षं माझ्यापासून काय काय लपवलं होतं! पायथ्याची माती वरून कोरडी आणि आत गार होती, नुकत्याच विझलेल्या चुलीतल्या राखेच्या उलट. झऱ्याजवळचे गोटे तळव्याला एकेक करून मोजता येत होते. दंव बोटांमध्ये शिरत होतं आणि झोंबत होतं. दोनदा पाय सरकला. मी गवत धरलं, गवत उपटून हातात आलं, मुळांना माती चिकटली नव्हती इतकी जमीन सैल झाली होती. थांबले, श्वास घेतला, पुन्हा निघाले. भीती वाटली का? वाटली. लेकाला वाटते तीच मलाही वाटते, ती काही त्याची एकट्याची मालमत्ता नाही. पण माझ्या भीतीला घेऊन कुठे जायचं ते मी ठरवणार. मान वर केली तर ती फट दिसली, फांद्यांमधली, आता रुंद झालेली, तिच्यातून पांढरट उजेड सांडत होता. मी खाली बघत चालत होते आणि वर बघत थांबत होते, असं दोन्हीकडून.

वळणावर गारठा अंगावर आला. उशिराचं झाड मोकळं होतं. एकही पान नाही. खाली, उतारावर, त्याचा सगळा पिवळा पडलेला होता, आणि तोही आता खालच्या थरात काळवंडायला लागलेला. मी बुंध्याला कान लावला. आत काही नव्हतं. वारा येत होता आणि फांद्यांतून सरळ निघून जात होता.

रोज उतरण्याआधी मी एक प्रार्थना म्हणते, मनात. तिच्यात एक ओळ आहे, ज्यांनी मला दुखवलं त्यांना मी क्षमा केली, अशा अर्थाची. त्या ओळीपाशी मी आले आणि थांबले. चेहरे समोर आले: गुलाबी टोपी, सज्जन डॉक्टर, माझा लेक जिन्यात अनवाणी उभा. सगळे माझ्या भल्यासाठी झटत होते. कुणीच वाईट नव्हतं. आणि तरी पायाखाली हे एवढं पिवळं पडलं होतं, जे मी पडताना पाहिलं नाही. मी ती ओळ म्हटली नाही. देवा, मी म्हटलं, ही आज तुझ्याकडेच ठेव. मला जमेल तेव्हा मागून घेईन. वीज कोसळली नाही. फांदीवर एक पक्षी येऊन बसला, हिवाळ्यातच येतो तो, राखी पोटाचा, आणि शेपटी उडवत राहिला. यंदाचा पहिला. मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि वळले.

लेक पायथ्याशी उभा होता. कचेरीचे कपडे, पण पायांत घरातले मोजे आणि सूनबाईच्या चपला. त्याने माझ्या गुडघ्यांवरची माती पाहिली, खरचटलेला तळवा पाहिला. "पडलीस," तो म्हणाला. मी मान हलवली, नाही. "रक्त आलंय." मी हात पुसून दाखवला. तो बोलत राहिला, मी चालत राहिले. पहिल्या रस्त्यावर तो रागाने बोलत होता, दुसऱ्यावर समजावणीने. शटर वर करणारे लोक आमच्याकडे बघत होते, कारण एक चांगले कपडे घातलेला माणूस बायकी चपला घालून एका गप्प बाईशी एकटाच वाद घालत होता. तिसऱ्या रस्त्यावर त्याचेही शब्द संपले. तिथून पुढे आम्ही नुसते चाललो. त्याची पावलं माझ्या पावलांच्या मागे पडत होती, आणि मला ऐकू येत होतं की तो चाल हळू करतोय, माझ्या चपलांच्या फटफटीला जुळवून घेतोय.

उंबऱ्यात सून वाट बघत होती. मी आत पाय ठेवला. दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"माझे बूट आज संध्याकाळी दारात काढून ठेव," मी लेकाला माझ्या नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाले. "उद्या वर दंव गोठणार आहे."